धूळपाटी आणि पोथी

गेल्या महिन्यात याच स्तंभातून मी जुन्या, थकलेल्या संगणकास पुन्हा कामास लावण्याचा एक सोपा उपाय सुचविला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मिळणारी सर्वसाधारण मदत थांबली, आणि विंडोज ११ पेलत नाही एवढ्याच कारणाने आपल्या घरांतील कितीतरी धडधाकट यंत्रे एका दिवसात 'म्हातारी' ठरली. अशा यंत्रावर काहीही न बसविता, आतल्या हार्ड डिस्कला हातही न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून लिनक्सची एखादी प्रणाली चालविता येते. तिला 'लाइव्ह' प्रणाली म्हणतात, एवढे त्या लेखात सांगितले होते. सांगितले ते सर्व खरेच होते. परंतु एक गोष्ट सांगावयाची राहून गेली, आणि तिची शिक्षा मला नव्हे, माझ्या शाळेतील एका मुलीला भोगावी लागली. आजचा लेख हे त्या चुकीचे प्रायश्चित्त समजावे.

आमच्या इंदूरच्या या सरकारी शाळेचे माध्यम हिंदी. मराठी घरांतली जी थोडी मुले येतात, त्यांचे मराठी घरातल्या बोलण्यापुरतेच उरलेले असते. नववीतील ही मुलगी त्यांपैकीच एक. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ पाठ होत्या. त्या आजीच्या आईने दळताना म्हटलेल्या, कोणत्याही पुस्तकात न छापलेल्या. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा या मुलीच्या मनात आले, की आपण या उतरून घ्याव्या. ती वहीत लिहून आणी, आणि मधल्या सुट्टीत व शाळा सुटल्यावर आमच्या संगणकाच्या खोलीत बसून त्या मराठीत टंकित करी. तेथील एका यंत्राची हार्ड डिस्क बिघडलेली होती. मी मोठ्या कौतुकाने त्यास लाइव्ह पेनड्राइव्ह लावून दिला होता आणि मराठीचा कळफलकही बसवून दिला होता.

पुढे एका शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती, म्हणून आजीकडून ऐकलेले तिने वहीत न लिहिता थेट यंत्रावरच उतरविले. मोबाइल फोनवर आजीचा आवाज ऐकत, तीन-साडेतीन तास बसून. निघताना मी विचारले, "बाळ, सेव्ह केलेस ना?" ती म्हणाली, "हो सर, डॉक्युमेंट्समध्ये ठेवलंय." मी मान डोलावली. यंत्र रीतसर बंद झाले.

सोमवारी यंत्र सुरू केले तो काय! डॉक्युमेंट्सचा फोल्डर रिकामा. मराठीचा कळफलकही नाहीसा. पडदा जणू प्रथमच उघडलेला, कोरा करकरीत. मुलगी रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "पण सर, मी सेव्ह केलं होतं." तिच्या या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण तिने खरोखरच सेव्ह केले होते. तिची चूक काडीमात्र नव्हती.

मग नेमके झाले काय? हे समजून घेतल्याशिवाय उपाय सांगण्यात अर्थ नाही.

आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी पहिली अक्षरे धूळपाटीवर गिरविली. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने अक्षर काढावे, आणि हात फिरविला की फळी पुन्हा कोरी. संगणकाची जी तात्पुरती स्मृती असते, जिला रॅम म्हणतात, ती हुबेहूब अशी धूळपाटी आहे. वीज आहे तोवर तीवर काहीही लिहावे आणि विजेच्या वेगाने वाचावे. वीज गेली की हात फिरला. नेहमीच्या संगणकात आपण 'सेव्ह' म्हणतो तेव्हा मजकूर या धूळपाटीवरून हार्ड डिस्कच्या वहीत उतरतो. लाइव्ह प्रणालीत मात्र, आपण दुसरे काही सांगितले नसेल तर, तिने दाखविलेली वहीदेखील धूळपाटीवरच आखलेली असते. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स ही सर्व दालने त्या धुळीतलीच. पडद्यावर ती खऱ्यासारखीच दिसतात आणि यंत्र कसलाही इशारा देत नाही. त्या मुलीचा मजकूर रीतसर जतन झाला खरा, पण धुळीत.

यंत्र दुरुस्त करणाऱ्या एका परिचितास मी विचारले, की गेलेली फाइल परत मिळविण्याची साधने असतात ना? तो हसून म्हणाला, "गुरुजी, परत मिळवायला ती आधी कुठंतरी लिहिलेली असावी लागते." पेनड्राइव्हवर त्यातले एक अक्षरही कधी लिहिले गेले नव्हते.

कोणी म्हणेल, पेनड्राइव्हवर तर लिहिता येते. मग ही विस्मृती कशासाठी? याचे उत्तर इतिहासात आहे. लाइव्ह प्रणाली लोकप्रिय झाली ती सीडीच्या काळात. जर्मनीचे क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये 'क्नॉपिक्स' ही प्रणाली काढली. जवळजवळ दोन गिगाबाइटचा पसारा दाबून दाबून सातशे मेगाबाइटच्या एका सीडीत बसविला होता. छापलेल्या सीडीवर पुन्हा लिहिणे शक्यच नसते, म्हणून तिच्यावरून चालणारी प्रणाली स्वभावतःच विसराळू असे. पुढे पेनड्राइव्ह स्वस्त झाले आणि तीच प्रतिमा जशीच्या तशी त्यांवर उतरवू लागले. आजही आपण जी फाइल उतरवून घेतो तिला 'आयएसओ' म्हणतात. ते नाव सीडीवरील फायलींच्या मांडणीच्या एका आंतरराष्ट्रीय मानकावरून आले आहे. वस्त्र बदलले, पण अंगची सवय गेली नाही.

आता या प्रणालीच्या पोटात कशी मांडणी असते ते पाहू. समजा, एक छापील पोथी काचेखाली ठेवली आहे. ती वाचता येते, पण तीवर लिहिता येत नाही. काचेवर एक पारदर्शक कागद पसरला आहे. आपण जे काही लिहितो ते या कागदावर. आणि वरून पाहणाऱ्यास पोथी व कागद मिळून एकच पान दिसते. खालची पोथी म्हणजे 'स्क्वॉशएफएस' नावाच्या दाबलेल्या, केवळ वाचनीय स्वरूपात ठेवलेली मूळ प्रणाली. दोन थर एकावर एक ठेवून एकच भासविण्याचे जे तंत्र, त्याच्या आज प्रचलित असलेल्या रूपास 'ओव्हरलेएफएस' म्हणतात. ते २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले.

पोथीतील एखादे अक्षर बदलावयाचे झाले तर काय होते? ती संपूर्ण फाइल आधी वरच्या कागदावर उतरविली जाते, आणि मग तेथे दुरुस्ती होते. खालची मूळ प्रत तशीच राहते. आणि पोथीतील एखादी फाइल काढून टाकावयाची असेल तर? काचेखालचे तर खोडता येत नाही. म्हणून वरच्या कागदावर नेमक्या त्या जागी एक खूण ठेवतात, जिच्यामुळे खालचे दिसेनासे होते. हे वाचताना मला आपल्या जुन्या लेखनिकांची आठवण झाली. हस्तलिखितात अक्षर चुकले की ते त्यावर पिवळा हरताळ फासून अक्षर झाकीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. अक्षर गेलेले नसे, झाकलेले असे. संगणकाच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने जाऊन तीच युक्ती शोधली.

आता आपला सगळा प्रश्न एका ओळीत मांडता येईल: हा वरचा कागद कोठे ठेवावयाचा? तो धूळपाटीवर असेल तर यंत्र बंद होताच नाहीसा होईल. तोच कागद पेनड्राइव्हच्या एका राखीव कप्प्यात ठेवला, तर दुसऱ्या दिवशी प्रणाली तो काढून पुन्हा पोथीवर पसरील आणि काल लिहिलेले सारे जागच्या जागी दिसेल. या सोयीला 'पर्सिस्टन्स' म्हणतात. आपण 'चिरस्मृती' म्हणू. विशेष हे, की चिरस्मृतीत केवळ फायलीच राहतात असे नाही. मराठीचा कळफलक, अक्षरांचा आकार, वायफायचा परवलीचा शब्द, नव्याने घातलेली साधने, हे सर्व टिकते. परप्रांतातील मराठी घराला याचे मोल अधिक. वाचनालयातला संगणक असो वा नातवाचा, आपला पेनड्राइव्ह लावावा आणि आपला कळफलक समोर यावा.

ही चिरस्मृती मिळवावयाची कशी? विंडोजचा एखादा चालू संगणक हाताशी असेल तर 'रूफस' नावाचे एक छोटे, विनामूल्य साधन मिळते. किमान सोळा, शक्य तर बत्तीस गिगाबाइटचा चांगला पेनड्राइव्ह घ्यावा. उबुंटूसारख्या प्रणालीची प्रतिमाच आज पाच-सहा गिगाबाइटची असते. पेनड्राइव्हवरचे जुने सर्व पुसले जाणार हे ध्यानात ठेवून ते आधी अन्यत्र उतरवून घ्यावे. रूफसमध्ये प्रतिमा निवडली, आणि ती प्रणाली चिरस्मृतीस अनुकूल असली, की 'पर्सिस्टंट पार्टिशन साइझ' अशी एक सरकपट्टी दिसते. ती मुळात शून्यावर असते. ती शून्यावर राहू देणे हीच माझी चूक होती. ती सरकवून आठ-दहा गिगाबाइट जागा राखून ठेवावी, आणि मग आरंभ करावा. बाकीची जुळणी ते साधन स्वतः करते.

ज्यांच्या घरी लिनक्सचाच संगणक आहे आणि ज्यांना डेबियन ही प्रणाली आवडते, त्यांच्यासाठी हाताने करावयाची रीत सांगतो, कारण तीतून तत्त्व स्पष्ट होते. डेबियन लाइव्हची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरविल्यावर उरलेल्या जागेत एक नवा विभाग करावा, त्यास 'एक्स्ट४' पद्धतीची मांडणी द्यावी, आणि त्याचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत नेमके 'पर्सिस्टन्स' असे ठेवावे. त्या विभागात 'पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ' नावाची एक साधी मजकुराची फाइल करावी आणि तीत एकच ओळ लिहावी: उजवीकडे कललेली तिरपी रेघ, मग मोकळी जागा, मग 'युनियन' हा शब्द. अर्थ असा, की मुळापासून सर्व काही दोन थरांच्या मीलनाने चालावे. शेवटी यंत्र सुरू होताना आरंभीच्या आज्ञेत 'पर्सिस्टन्स' हा शब्द जोडावा. कप्पा, सूचना आणि आज्ञा या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक चुकली तरी प्रणाली मुकाट्याने धूळपाटीवर जाते आणि तक्रारही करीत नाही.

म्हणूनच माझी पहिली विनंती: विश्वास ठेवण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. प्रणाली सुरू झाल्यावर एक लहानशी फाइल करून तीत दोन शब्द लिहावेत, कळफलक मराठी करावा, यंत्र रीतसर बंद करावे आणि पुन्हा सुरू करावे. दोन्ही जागेवर असतील तरच खरे काम आरंभावे. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मी दिली नाहीत.

चिरस्मृती झाली तरी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. काम संपताच पेनड्राइव्ह उपटून काढू नये. लिहिलेले पुष्कळदा काही क्षण धूळपाटीवर थांबून मग खाली उतरत असते. यंत्र पूर्ण बंद होईपर्यंत धीर धरावा. पेनड्राइव्हच्या पोटातील स्मृतीचे कण ठरावीक वेळाच पुसले व लिहिले जाऊ शकतात, आणि स्वस्त पेनड्राइव्ह तर बहुधा पूर्वसूचना न देताच दगा देतो. तेव्हा चिरस्मृती ही दुसरी प्रत नव्हे, हे पक्के ध्यानात असावे. मोलाच्या मजकुराची आणखी एक प्रत दुसऱ्या साधनावर असलीच पाहिजे.

दुसरे पथ्य असे, की अशा पेनड्राइव्हवर संपूर्ण प्रणाली अद्ययावत करण्याच्या मोहात पडू नये. वर सांगितल्याप्रमाणे पोथीतले जुने तसेच राहते आणि प्रत्येक नवी आवृत्ती वरच्या कागदावर भर घालते. राखीव कप्पा पाहता पाहता भरतो, आणि तो पुरता भरला तर यंत्र धड सुरूही होत नाही. शिवाय प्रणालीचा जो गाभा प्रथम जागा होतो तो मूळ प्रतिमेतला असतो, वरच्या कागदावरचा नव्हे. त्यामुळे त्याची सुधारणा बहुधा निष्फळ ठरते. वर्षा-सहा महिन्यांनी आपल्या फायली बाजूला काढून नव्या प्रतिमेने पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा, हे उत्तम. जुन्या रीतीने चिरस्मृती एका फाइलीत ठेवणारांनी हेही ओळखावे, की फॅट३२ या मांडणीत एक फाइल चार गिगाबाइटच्या मर्यादेपलीकडे जात नाही. स्वतंत्र विभागाला हे बंधन नाही.

तिसरे पथ्य घरातील सर्वांस सांगून ठेवावे. चिरस्मृतीचा विभाग विंडोजला वाचता येत नाही. असा पेनड्राइव्ह विंडोजच्या यंत्रास लावला, की ते कित्येकदा विचारते, 'ही डिस्क फॉरमॅट करावयाची का?' येथे 'हो' म्हणणे म्हणजे आपल्याच हाताने साऱ्या पोथीवर हरताळ फासणे होय. नकार द्यावा आणि पेनड्राइव्ह काढून घ्यावा.

आणखी एक विचार. पेनड्राइव्ह खिशातून पडतो, रिक्षात राहतो. चिरस्मृतीवर कुलूप नसेल तर सापडेल त्यास आपली पत्रे, छायाचित्रे, परवलीचे शब्द वाचता येतील. गुप्ततेसाठी मुद्दाम रचलेल्या 'टेल्स' या प्रणालीत चिरस्मृतीचा कप्पा सांकेतिक कुलपातच असतो, आणि कोणत्या गोष्टी आठवणीत ठेवावयाच्या हे आपण एकेक निवडून सांगतो. बाकी सारे ती ठरवून विसरते. मात्र त्या कुलपाचा शब्द आपणच विसरलो तर उघडून देणारा कोणी नाही.

हे सर्व वाचून असे वाटेल, की विस्मृती हा दोषच आहे. तसे मुळीच नाही. आमच्या शाळेच्या खोलीत रोज साठ हात एकाच यंत्रावर फिरतात. कोणी चित्र बदलतो, कोणी नको ते उतरवून ठेवतो. सायंकाळी यंत्र बंद केले की सारे निवळते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मुलाला स्वच्छ पाटी मिळते. बँकेचा व्यवहार परक्या यंत्रावर करावा लागला तर आपली खूण मागे न ठेवणारी प्रणाली केव्हाही बरी. पाटी हवी तेथे पाटीच असावी. चूक पाटीची नसते. पाटीवर पोथी लिहू देणाऱ्याची असते.

ज्यांना यातले काहीच करणे जमणार नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. लाइव्ह प्रणाली चालू असताना दुसरा एखादा साधा पेनड्राइव्ह लावावा आणि फाइल जतन करताना डॉक्युमेंट्स न निवडता त्या पेनड्राइव्हचे नाव निवडावे, किंवा उठण्यापूर्वी ती फाइल स्वतःस ईमेलने पाठवावी. हेही पुरेसे आहे. जतन करताना 'केले का?' एवढेच न विचारता 'कोठे केले?' असे विचारण्याची सवय लागली, म्हणजे झाले.

त्या ओव्यांचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेखणी खाली ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्याच दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो. सून म्हणाली, "सासूबाईंना आता फार वेळ बोलवत नाही." तरी आजींनी उशीला टेकून आठवेल तेवढे पुन्हा सांगितले. नात वहीत लिहीत होती. पेनड्राइव्ह मी खिशातून काढलाच नाही. बहुतेक ओव्या परत मिळाल्या. दोन मात्र आल्या नाहीत. पहिला शब्द ओठांवर येई आणि पुढचे हरवे. मुलीला त्यांतल्या एकीची चाल आठवत होती, शब्द आठवत नव्हते. आजी म्हणाल्या, "राहू द्या मास्तर, दळण संपलं की जात्यालाही आठवत नाही."

ती वही आता टंकित झाली आहे. एक प्रत चिरस्मृतीच्या पेनड्राइव्हवर, एक साध्या पेनड्राइव्हवर, आणि एक कागदावर छापून आजींच्या उशाशी. शेवटच्या पानावर मुलीने दोन ओव्यांपुरती जागा कोरी सोडली आहे. मी कारण विचारले नाही.